तीनशे एकोणचाळीस लाल शब्द

प्रमाणित करण्यात येते की, श्री. अच्युत विश्वनाथ देशकर, वय वर्षे त्रेचाळीस, मूळ राहणार अमरावती, हल्ली मुक्काम चंदीगड (प्रत्यक्षात झिरकपूर, तथापि नातेवाइकांस कळवताना चंदीगड), व्यवसाय मोहालीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिणे, उंची मध्यम, चष्मा आहे, हे गेली सात वर्षे स्वतःच्या व कुटुंबाच्या आयुष्यातील समस्त माहितीचे लेखी जतन करीत असून, आजमितीस त्यांच्या ताब्यात सहा हजार एकशे चौदा फाइली सुस्थितीत आहेत. सदर फाइलींपैकी एकही गहाळ झालेली नाही. सदर इसमास कौटुंबिक, वैद्यकीय, घरगुती अथवा संकीर्ण स्वरूपाचा कोणताही प्रश्न विचारला असता चार सेकंदांच्या आत उत्तर मिळते. वर्तणूक चांगली. दाखला मागणीवरून देण्यात येत आहे.

मागणी कुणीच केली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

फाइली म्हणजे कागदाच्या नव्हेत. अच्युतच्या लॅपटॉपवर एक काळा पडदा होता, त्यावर पांढरी अक्षरं उमटत. ठळक नाही, तिरपं नाही, चित्र नाही, माउससुद्धा लागायचा नाही. नुसता मजकूर. या नुसत्या मजकुरावर अच्युतची श्रद्धा होती, आणि श्रद्धेच्या बाबतीत तो घरातल्या देवांपेक्षा या पडद्यापुढे जास्त वेळ बसे हे विनयाने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा घड्याळ लावून सिद्ध केलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. दर दोन वर्षांनी नवं ॲप निघतं, लोक त्यात आयुष्य ओततात आणि मग ती कंपनी एक गोड पत्र पाठवून दुकान बंद करते. साधा मजकूर मात्र पन्नास वर्षांनी कुठल्याही यंत्रावर उघडेल.

पन्नास वर्षांनी तो कोण उघडणार आहे, हा प्रश्न विनयाने विचारला होता. त्याचं उत्तर चार सेकंदांत आलं नाही.

या सगळ्या फाइली एकमेकींना जोडलेल्या होत्या. स्वतःपुरता ज्ञानकोशच म्हणा. अच्युत त्याला विकी म्हणायचा. लिहिता लिहिता एखाद्या शब्दाभोवती दुहेरी चौकोनी कंस टाकला की त्या शब्दाचं वेगळं पान होतं आणि शब्दावरून थेट तिथे जाता येतं. पान लिहिलेलं असेल तर शब्द निळा दिसतो. अजून लिहायचं असेल तर लाल. गीझर दुरुस्तीचं पान होतं. ओजस्विनीचा, म्हणजे बारा वर्षांच्या मुलीचा, कुठला दुधाचा दात कोणत्या तारखेला पडला याचं पान होतं. झिरकपूरच्या चौकात कुठल्या वारी किती वाजता किती मिनिटं गाडी अडकते याचं तर उपविभागांसह पान होतं, आणि ते वाचूनही तो रोज तिथेच अडकत असे.

"माझं पान आहे का रे?" विनयाने एकदा विचारलं.

"आहे ना. रक्तगट, चपलेचं माप, शिक्षण, तुझं आवडतं..."

"आवडतं काय?"

"तिथे लिंक आहे."

"दाब की मग."

"लाल आहे. पान अजून झालेलं नाही."

लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. विनया मूळची साताऱ्याची, सेक्टर बत्तीसच्या सरकारी इस्पितळात रक्तपेढीत तंत्रज्ञ. बाटलीवर चिठ्ठी नसेल तर काय होतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून नवऱ्याच्या नोंदी ठेवण्याला ती वेड म्हणत नसे. ती फक्त म्हणायची, "आमच्याकडे निदान बाटलीत काहीतरी असतं."

हे सगळं सुरू झालं ते अच्युतचे वडील गेले तेव्हा. विश्वनाथराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. एका दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. तेराव्याच्या आदल्या दिवशी अमरावतीच्या एका वर्तमानपत्रासाठी चार ओळी लिहून द्यायच्या होत्या, आणि अच्युतच्या लक्षात आलं की जन्मसाल, खातं, हुद्दा आणि निवृत्ती यांपलीकडे आपल्याला वडिलांबद्दल लिहिता येत नाही. चार ओळींतली चौथी ओळ पुरी करायला त्याने "मनमिळाऊ स्वभावाचे" असं लिहिलं. चंदीगडला परतल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने पहिली फाइल उघडली. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं.

आई, शालिनीबाई, वर्षभराने त्यांच्याकडे राहायला आल्या. त्याही टेलिफोन खात्यातल्याच. अमरावती एक्स्चेंजला ट्रंक कॉल जोडून द्यायच्या टेबलावर त्यांनी एकोणतीस वर्षं काढली होती. त्यांना हे शहर पहिल्या दिवसापासून पसंत पडलं, कारण इथे पत्ते आकड्यांत सांगतात. "सतरा दे, बावीस दे, बत्तीस एंगेज आहे," असं त्या गाडीतून जाताना सेक्टरांच्या पाट्या वाचत म्हणायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. नातीशी त्या मराठीत बोलत, नात हिंदीत उत्तर देई, आणि दोघींचं काही अडत नसे.

अडायला लागलं ते वर्षापूर्वीच्या मे महिन्यात. शालिनीबाईंनी चहाची गाळणी मागितली. म्हणजे मागायला गेल्या आणि थांबल्या. "ते दे ना... ते, ज्यातून चहा... अरे बाप्पा, काय म्हणतात त्याला?" सगळे हसले, त्याही हसल्या. जूनमध्ये उशी गेली, किल्ली गेली. जुलैमध्ये विनयाने त्यांना आपल्याच इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. तपासण्या पाहून त्यांनी बरोबर आलेल्या अच्युतला बाजूला बोलावलं.

"याददाश्त अभी काफ़ी देर रहेगी," त्या म्हणाल्या. "लफ़्ज़ जाएँगे. सब कुछ अंदर होगा, बाहर नहीं आएगा. जितनी बातें करनी हैं, अभी कर लीजिए."

"कितना टाइम?"

"आठ महीने, साल. किसी-किसी का इससे भी जल्दी."

अच्युतने हे लिहून घेतलं. घरी येताना गाडीत त्याला रडू येईल असं विनयाला वाटलं होतं. तो म्हणाला, "रचना नीट लावायला पाहिजे."

त्या आठवड्यात त्याने "आई" नावाचा नवा विभाग उघडला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर आईजवळ जाऊन बसला असता. अच्युतही बसला, पण लॅपटॉप घेऊन. पुस्तिका लिहिणाऱ्या माणसाच्या हाडात एक गोष्ट भिनलेली असते. आधी साचा, मग मजकूर. साचा चुकला की पुढचं सगळं चुकतं. त्याने साचा केला: जन्म, बालपण, शिक्षण, नोकरी, विवाह, माणसं, गावं, पदार्थ, संकीर्ण. आणि एक नियम केला. आई बोलताना मध्येच काही निघालं तर ते तिथे लिहीत बसायचं नाही, शब्दाला कंस टाकायचा आणि पुढे जायचं. पान रविवारी भरायचं.

"माझी मावशी एकदा सायकलवरून," शालिनीबाई सुरू करायच्या.

"एक मिनिट, आई. फाइल उघडू दे."

"मी बोलून राहिली आणि हा पेटी उघडून राहिला."

"हं, बोल. कोणती मावशी?"

"कोणती म्हणजे? मावशी. सायकलवरून पडली ना ती, भाऊसाहेबांच्या अंगणात..."

"साल कोणतं?"

"साल काय माहीत बाबू मला? पावसाळा होता."

"अंदाजे?"

शालिनीबाई साल आठवायला लागायच्या, आणि साल सापडेपर्यंत मावशी उठून घरी गेलेली असायची. पडद्यावर दोन लाल शब्द राहायचे: मावशी, भाऊसाहेबांची सायकल. अच्युतला त्यात वावगं वाटत नसे. लाल शब्द म्हणजे काम शिल्लक आहे, एवढंच. काम शिल्लक आहे हे नोंदलेलं असलं की त्याला ते अर्धं झाल्यासारखं वाटायचं.

विनयाने एकदा सुचवून पाहिलं. "फोन ठेव त्यांच्यासमोर चालू करून. बोलू दे काय बोलायचं ते."

"आवाजात शोधता येत नाही, विनया. एक तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये सायकल कुठे आली हे कसं काढणार? आणि दहा वर्षांनी तो फॉरमॅट उघडेल याची खात्री कोण देणार?"

"दहा वर्षांनी," विनया म्हणाली आणि पर्स उचलली. तिला ड्यूटीला जायचं होतं.

ऑगस्टच्या एका सकाळी "विवाह" हा विभाग आला. शालिनीबाई मेथी निवडत होत्या.

"पद्धत," अच्युतने वाचलं. "ठरवून, की स्वतः जमवलेलं?"

शालिनीबाईंनी हातातली काडी खाली ठेवली. चेहऱ्यावर काहीतरी आलं, ते अच्युतने पाहिलं नाही, कारण तो पडद्याकडे पाहत होता. "तसं पाहिलं तर," त्या म्हणाल्या, "त्याची मोठी गंमत आहे. कुणालाच माहीत नाही ती. तुझे बाबा ना..."

"आई, आधी एक शब्द सांग. इथे एकच शब्द बसतो. गंमत आपण सविस्तर घेऊ, मी लिंक करून ठेवतो."

"लिंक म्हणजे काय रे?"

"म्हणजे नंतर."

"नंतर कधी?"

"या रविवारी."

शालिनीबाईंनी खाली ठेवलेली काडी उचलली. मग त्यांनी मेथीची जुडी पुन्हा ओढून घेतली. "ठरवून," त्या म्हणाल्या. "लिही. ठरवून."

अच्युतने लिहिलं. पुढे दुहेरी कंसात "गंमत" असं टाकलं. शब्द लाल झाला.

त्या रविवारी फाइलींची नावं मराठीत असावीत की रोमन अक्षरांत, हा प्रश्न निघाला आणि संध्याकाळपर्यंत सुटला नाही. पुढच्या रविवारी "नागपूरचे मामा" माणसांत घालायचे की गावांत, यावर सकाळ गेली. मग एक दिवस त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो सगळ्या फाइली चाळून लाल शब्द किती उरले ते सांगायचा. तो उत्तम चालला. ऑक्टोबरात अच्युतला एक नवा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, सापडला. त्यात लाल शब्दांची यादी आपोआप बाजूला दिसत असे. जुन्यातून नव्यात यायला तीन रविवार लागले. हा काळ अच्युतच्या आयुष्यातला कष्टाचा काळ होता, आणि तो आईसाठी कष्ट करतोय यात त्याला शंका नव्हती. मधल्या काळात शालिनीबाई बोलत असलेली वाक्यं लांबीने कमी कमी होत होती. त्याचीही नोंद होती, तारखेसह.

शालिनीबाई मात्र दुपारी चार वाजता घराबाहेर पडायला लागल्या होत्या. बाहेर म्हणजे लिफ्टच्या पलीकडच्या दारात. तिथे सुरिंदर कौर राहायच्या, शाळेत कसरतीच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. अख्खा मजला त्यांना आंटीजी म्हणायचा. शालिनीबाईंची हिंदी अमरावतीची होती, आंटीजींची पंजाबीत बुडवलेली. अच्युत घरून काम करायचा त्या दिवशी त्याला पलीकडून हसण्याचा आवाज यायचा. बराच वेळ यायचा. त्याला बरं वाटायचं. त्याने आईच्या आरोग्याच्या पानावर लिहिलं: सामाजिक संपर्क, उत्तम.

"आई तिथे काय बोलतात एवढं?" विनयाने विचारलं.

"काहीतरी टाइमपास चालतो. आंटीजींना कुठे मराठी समजतं."

डिसेंबरात धुकं आलं तेव्हा शालिनीबाईंकडे "ते" हा शब्द उरला होता, "हो" होता, आणि नातीचं अर्धं नाव. जानेवारीत एक नवल झालं. हॉलमध्ये विश्वनाथरावांचा फोटो होता, त्याच्यासमोर बसून त्या मध्येच म्हणायला लागल्या, "अकोला." कुणी काही विचारलं तरी अकोला. जेवताना अकोला. अच्युतने चुलतभावाला फोन करून विचारलं, आपलं अकोल्याला कुणी आहे का. नव्हतं. अकोल्याला जायचंय का, असं त्याने आईला विचारलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. त्याने पान उघडलं: अकोला. संबंध अज्ञात. बहुधा भ्रम. तपासणे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी रचना पूर्ण झाली. विभाग जागच्या जागी होते, नावं एकसारखी होती, एकही तारीख उलटी लिहिलेली नव्हती. प्रोग्रामने आकडा दिला: तीनशे एकोणचाळीस लाल शब्द. अच्युत जेवून, दुपारचा चहा घेऊन, लॅपटॉप मांडीवर ठेवून आईसमोर बसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला विचारायला सवड होती.

"आई, भाऊसाहेबांची सायकल."

"हो."

"ती मावशीकडे कशी आली?"

"हो."

"म्हणजे तिने मागून घेतली होती?"

"हो. ते. हो."

त्याने पुढचा शब्द घेतला. एक्स्चेंजमधली मोठी बाई. मग पुढचा. वडाळीचा तलाव. मग रेडिओ, मग सुमनची वेणी. कुणाची सुमन, हे आता त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं. शालिनीबाई प्रत्येक शब्दाला मान हलवत. काही शब्दांना त्यांचे डोळे उजळत, ओठ हलत, हात पुढे येऊन हवेत काहीतरी धरत, आणि मग हात मांडीवर परत जात. हे पाहणाऱ्याला शब्द ओळखीचा आहे एवढं कळत होतं. त्यापुढे काही नाही.

दारात उभी असलेली ओजस्विनी म्हणाली, "पापा, रहने दो ना. आजी थक गई हैं."

"दोन मिनिटं, ओजू."

"आप उनसे वायवा क्यों ले रहे हो?"

सतराव्या शब्दाला शालिनीबाई उठल्या. चपला घातल्या, दार उघडलं आणि पलीकडे गेल्या. चार वाजले होते.

अच्युत पाच मिनिटांनी त्यांना आणायला गेला. आंटीजींकडे नेहमीचं चाललं होतं. आंटीजी दोघींच्या वाटचं बोलत होत्या आणि शालिनीबाई जागच्या जागी हसत होत्या. त्याला बसवलं, चहा आला. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "आजकल मम्मी एक ही बात बोलती हैं. अकोला, अकोला. पता नहीं क्या है."

आंटीजींनी कप खाली ठेवला. "लै. तैनूं नईं पता?"

"क्या?"

"अकोला तो तेरे पापा हैं, पुत्तर."

आणि मग आंटीजींनी सांगितलं. शालिनीबाई समोरच बसल्या होत्या, ऐकत होत्या, आणि कुठे चुकलं तर हाताने नाही म्हणत होत्या. लग्नाआधीची गोष्ट होती. अमरावतीहून अकोल्याला ट्रंक कॉल जोडायचा तर तिकडच्या ऑपरेटरशी बोलावं लागायचं. नावं सांगायची नाहीत असा साहेबांचा नियम होता. शालिनीबाई म्हणजे अमरावती, आणि तिकडचा आवाज म्हणजे अकोला. दोन वर्षं. लाइन मोकळी असली की दोघं बोलायचे. पाऊस, डबा, साहेब, काय वाटेल ते. एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. मग एक दिवस मामांनी स्थळ आणलं, टेलिफोन खात्यातला मुलगा. शालिनीबाईंच्या मनात नव्हतं, पण विचारणार कोण. मुलगा, त्याचे वडील, काका, सगळे बघायला आले. यांनी मान खाली घालून ट्रे आणला. आंटीजींच्या सांगण्यात ट्रेवर पकोडे होते आणि बाहेर मोठा वेहडा, म्हणजे अंगण, होतं; अमरावतीतल्या त्या दोन खोल्यांना त्यांनी मायेने प्रशस्त केलं होतं.

"सबके सामने लड़के ने इनसे एक बात कही. बस एक. और ये आवाज़ पहचान गईं. ट्रे ऐसे काँपी, मामाजी समझे लड़की शरमा रही है." आंटीजींनी दोन्ही हात थरथरवून दाखवले. शालिनीबाईंनी जोरात मान हलवली. "किसी को आज तक नहीं पता चला. सब बोलते रहे, मामाजी ने रिश्ता कराया."

अच्युतने चहाचा कप बाजूला सरकवला. मग तो म्हणाला, "पापा ने कहा क्या था?"

"ओही तां मैं पूछा. मैं कहा, दीदी, बोले क्या भाईसाब? ये हँसने लगीं. बोलीं, वो मराठी में है, हिंदी में उसका मज़ा नहीं. वो मैं अच्युत को बताऊँगी." आंटीजींनी बिस्किटांची बशी सारखी केली. "बोलीं, एक बार उसका संडे ख़ाली हो जाए."

अच्युत आईकडे वळला. शालिनीबाई त्याच्याकडेच पाहत होत्या. त्यांना प्रश्न पूर्ण कळला होता. एक्स्चेंजच्या टेबलावर बसलेल्या बाईसारख्या त्या ताठ झाल्या. ओठ उघडले. "ते," त्या म्हणाल्या. थांबल्या. पुन्हा सुरुवात केली. आवाज जरा जाड काढला, पुरुषमाणसासारखा, म्हणजे नक्कल करायची होती. "ते... अ..." तिसऱ्यांदा नुसती हवा आली.

"आई, पहिला शब्द काय होता? तुम्ही? पाणी? अमरावती?"

शालिनीबाईंनी प्रत्येक शब्दाला हाताने नाही म्हटलं. हा नकार खरा होता. "हो" सारखा उगाच नव्हता. अच्युत शब्द सुचवत राहिला. मराठी भाषेतले पुष्कळ शब्द त्याने त्या दुपारी सुचवले. शेवटी शालिनीबाईंनी बशीतलं एक बिस्किट उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

संध्याकाळी विनया आली तेव्हा त्याने विचारलं, "आईने तुला कधी काही सांगितलं होतं? त्यांच्या लग्नाचं?"

"मला? सासू सुनेला असलं सांगते का? एकदा विषय काढला होता त्यांनी, मागच्या पावसाळ्यात. मी म्हटलं सांगा ना. तर म्हणाल्या, अच्युतला लिहायचं आहे ते, त्याला पहिल्यांदा सांगते." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं?"

त्याने सांगितलं. ती ऐकून घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथून कणीक मळता मळता म्हणाली, "मी फोन ठेव म्हटलं होतं." ते तिने टोमण्यासारखं म्हटलं नाही, म्हणून त्याला ते जास्त लागलं.

त्यानंतर अच्युत आठवड्यातून दोनदा चार वाजता पलीकडे जातो. आंटीजींना तीनशे एकोणचाळीसपैकी साठेक गोष्टी येतात. मावशी सायकलवरून का पडली ते त्यांना माहीत आहे. सुमनची वेणी कुणी कापली तेही. त्या सांगतात, तो ऐकतो, घरी येऊन मराठीत लिहितो आणि एकेक शब्द निळा होतो. निळ्या पानांवर मावशी आंटीजींसारखी बोलते. अमरावतीच्या एक्स्चेंजमधली मोठी बाई रागावली की "हाय रब्बा" म्हणायची असं आंटीजींच्या तोंडून निघतं, आणि खरं काय म्हणायची ते विचारण्याची सोय नाही. तो "हे राम" लिहितो आणि पुढे जातो.

"विवाह" विभागातलं "ठरवून" त्याने एकदा पुसलं. मग त्या जागी काय लिहावं ते सुचेना. साच्यात एकच शब्द बसत होता. कागदोपत्री पाहिलं तर चूक काहीच नव्हतं. स्थळ मामांनीच आणलं होतं. त्याने पुन्हा "ठरवून" लिहिलं. "गंमत" या पानावर आंटीजींनी सांगितलेलं सगळं आलं आहे, ट्रे थरथरला तिथपर्यंत. पुढे एक ओळ मोकळी आहे.

शालिनीबाई हॉलमध्ये बसतात. गेल्या महिन्यात तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना चित्रं दाखवली, माणसं दाखवली, बोट दाखवून फोटो ओळखायला लावले. सगळं बरोबर आलं. स्मरणशक्ती उत्तम आहे, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. विश्वनाथराव त्या दिवशी काय म्हणाले, ते शालिनीबाईंना जसंच्या तसं आठवतं.